डॅकमधली चिप बदलली आणि आवाज टोचू लागला
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : माझ्या स्वस्तातल्या डॅकमध्ये (डिजिटल संगीताचं अ‍ॅनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या पेटीत) सॉकेटवर एनई५५३२ ही सिग्नल वाढवणारी ऑप-अ‍ॅम्प चिप होती. ती काढून एलएम४५६२ बसवली. आता 'स', 'श' कानाला टोचतात आणि चिपवर बोट ठेववत नाही. चिप बनावट निघाली का? (सांगली)

उत्तर : बनावट असूही शकते, पण पहिला संशय ऑसिलेशनचा, म्हणजे चिप स्वतःहून थरथरण्याचा, घ्या. एनई५५३२ची बँडविड्थ १० मेगाहर्ट्झच्या घरात, एलएम४५६२ची ५५. इतक्या वेगवान चिपचा डिकपलिंग कॅपॅसिटर (तिचा वीजपुरवठा स्थिर ठेवणारा) तिच्यापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर असला, तर ती ऐकू न येणाऱ्या वारंवारितेवर आपोआप थरथरू लागते. बोर्डाची ही उणीव मूळच्या संथ चिपमुळे झाकलेली होती. तापण्याचा हिशेबही त्याच दिशेला बोट दाखवतो. ही चिप साधारण १० मिलिअँपिअर घेते. अधिक-उणे १२ व्होल्टवर ते पाव वॅटच्या आत भरतं. एवढ्यानं चिप कोमट होईल, चटका देणार नाही.

आता करायचं काय? डॅक बंद करून जुनी चिप परत बसवा. बोर्ड उलटा करून सॉकेटच्या पिन ४ आणि पिन ८ यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा, ५० व्होल्टचा, एक्स७आर जातीचा सिरॅमिक कॅपॅसिटर थेट सोल्डर करा. पाय अगदी आखूड ठेवा. लांब पायांनी सगळं मुसळ केरात. मागच्या बाजूनं पाहताना पिनांचा क्रम आरशातल्यासारखा उलटतो, इथेच बहुतेकांची चूक होते. म्हणून आधी मीटरनं पिन ८ वर अधिक आणि पिन ४ वर उणे व्होल्टेज असल्याची खात्री करा आणि वीज काढूनच सोल्डरला हात घाला. मग ऑप-अ‍ॅम्पच्या आउटपुटपासून आरसीए सॉकेटपर्यंतची (ऑडिओ केबल खोचायच्या जागेपर्यंतची) वाट तपासा. तिथे मालिकेत रेझिस्टर नसेल, तर ४७ ते १०० ओहमचा घाला. केबलची कपॅसिटन्स थेट चिपवर पडली तरी हेच दुखणं होतं.

नवी चिप बसवल्यावर लगेच अ‍ॅम्प्लिफायर जोडू नका. आरसीएवर डीसी मोजा : १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, ५० च्या वर गेलं तर थांबा. कॅपॅसिटर घालूनही तापत असेल, तर चिप बदला. नावं खरवडून नव्यानं छापलेल्या चिपा बाजारात पुष्कळ आहेत. आमचं मत विचाराल, तर अशा बोर्डात ओपीए२१३४ बरी. बँडविड्थ ८ मेगाहर्ट्झच असल्यानं ती सहसा शांत बसते.

प्रश्न : डॅकच्या आउटपुटचे १० मायक्रोफॅरडचे इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर काढून १ मायक्रोफॅरडचे फिल्म कॅपॅसिटर लावू का? (पुणे)

उत्तर : तुमच्या अ‍ॅम्प्लिफायरचा इनपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा रोध) पाहून ठरवा. तो ४७ किलो-ओहम असेल, तर १ मायक्रोफॅरडची खालची मर्यादा ३.४ हर्ट्झ येते, खुशाल लावा. १० किलो-ओहम असेल, तर तीच १६ हर्ट्झवर जाते आणि ५० हर्ट्झलाही जवळपास अर्धा डेसिबल कमी होतो. तिथे ४.७ मायक्रोफॅरड हवा, आणि तेवढा फिल्म कॅपॅसिटर डबीत मावतो का, हे आधी मोजा. पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत जाताना जुन्या कॅपॅसिटरच्या पायांमधलं अंतर आणि डबीची उंची लिहून न्या. जुना काढताना ओढू नका. सांध्यावर थोडं ताजं सोल्डर घाला, वितळवा, पंपानं शोषून घ्या. ओढलात तर तांब्याचा पॅडच उखडतो.

प्रश्न : रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला पीसीएम५१०२ए या डॅक चिपचा जांभळा छोटा बोर्ड जोडला. दिवा लागतो, आवाज शून्य. (नाशिक)

उत्तर : बोर्डाच्या मागे चार जागी तीन-तीन पॅड आहेत, तिथले सोल्डरचे पूल बहुधा राहिलेत. पहिला, दुसरा आणि चौथा मधल्या पॅडपासून 'एल'कडे जोडा, तिसरा 'एच'कडे. तिसरा म्हणजे म्यूटची पिन. तिच्यावर व्होल्टेज नसेल तर चिप गप्पच बसते. पुढच्या बाजूचा एससीकेचा (सिस्टिम क्लॉकचा) पूलही जोडून ती पिन ग्राउंडला न्या. मग चिप आपला क्लॉक बीसीकेवरून (बिट क्लॉकवरून) स्वतः तयार करते. रास्पबेरी पायच्या पिन : बीसीके १२, एलआरसीके (डावा-उजवा क्लॉक) ३५, डेटा ४०. तारा १० सेंटिमीटरच्या आत ठेवा. या चिपचं आउटपुट शून्य व्होल्टभोवतीच फिरतं, त्यामुळे आउटपुटला कॅपॅसिटर लावायची गरज नाही.

प्रश्न : डेस्कटॉपला डॅक जोडला की स्पीकरमधून घुंई येते, लॅपटॉप बॅटरीवर असला की जाते. (कोल्हापूर)

उत्तर : हा ग्राउंड लूप, म्हणजे दोन उपकरणांच्या अर्थिंगमधून तयार झालेलं वेटोळं, डॅक उघडू नका. संगणक आणि अ‍ॅम्प्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर लावून पाहा. तेवढ्यानं भागलं नाही, तर डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या मध्ये ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा. प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीही कापू नका. घुंई जाईल, पण अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या पेटीत २३० व्होल्ट उतरतील.