'नंतर' नावाची तारीख नसते

माझ्या मैत्रिणीच्या लेकी,

गेल्या मंगळवारी तू येऊन गेलीस. दारात चपला घालता घालता म्हणालीस, "मावशी, नंतर करते तुला फोन." मी म्हटलं, "हो, कर." 'कधी?' असं काही विचारलं नाही. बावीस वर्षं घरात बसून विक्री केली, आणि स्वतःच्याच उंबऱ्यात मी ही चूक केली. आज आठ दिवस झाले, तुझा फोन नाही. तो येणारही नाही. त्यात तुझा दोष निम्माच, उरलेला माझा. त्या चिडीतच हे पत्र लिहायला बसले आहे, तेव्हा कुठे आवाज चढला तर समजून घे.

तू मोबाइल उघडून दाखवलास ते डोळ्यांपुढून जात नाही. तूही आता घरून विक्री करतेस, त्या गिऱ्हाइकांची दोनशेच्या आसपास नावं. काही संभाषणांना चांदणी लावलेली, काहींचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेले. पर्समधून चार पिवळ्या चिठ्ठ्या निघाल्या आणि एका पाकिटाच्या पाठीवर लिहिलेलं, 'त्या ताई, क्रीम, विचारायचं.' कुठल्या ताई, कुठलं क्रीम, काय विचारायचं, ते तुलाही सांगता येईना. आणि मग तू मला विचारलंस, "मावशी, कुठलं ॲप घेऊ?"

अगं, ॲपचा प्रश्नच नाही. तुझ्या त्या सगळ्या पसाऱ्यात नावं होती, नंबर होते, 'इंटरेस्टेड आहे' असे शेरे होते. तारीख एकही नव्हती. चांदणीला तारीख नसते, स्क्रीनशॉटला नसते, 'विचारायचं' या शब्दालाही नसते. माझं सगळं शहाणपण एका ओळीत मावतं, आणि ती ओळ मी या पत्रात पुन्हा पुन्हा लिहिणार आहे: फोन ठेवायच्या आधी पुढची तारीख लिहायची. ठेवल्यावर नाही. 'आत्ता दार वाजलं, ते बघून येते' असंही नाही. ठेवायच्या आधी.

आमच्या वेळी सुरुवातीला फोन तारेचा होता. डाव्या हातात रिसीव्हर आणि उजव्या हातात पेन्सिल. तारीख लिहून होईपर्यंत डावा हात खाली आणायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. तुझा फोन कानाला लावून स्वयंपाकघरात फिरता येतो, हीच त्याची खोड. फोनला बसून घे.

'लक्षात राहील' असं तू दोनदा म्हणालीस, म्हणून हे सांगते. हरमान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्मरणावर प्रयोग केले, तेही स्वतःवरच, आणि ते १८८५ साली प्रसिद्ध केले. तो निरर्थक अक्षरगट पाठ करायचा आणि काही वेळाने तेच पुन्हा पाठ करायला किती श्रम वाचतात ते मोजायचा. वीस मिनिटांनी ५८ टक्के श्रम वाचत, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४ आणि ३१ दिवसांनी २१. आता गिऱ्हाइकाचं बोलणं निरर्थक नसतं हे मलाही कळतं. पण ओळीने पाचवा फोन झाला, मध्ये कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, की पहिलीचं आणि तिसरीचं बोलणं एकमेकांत मिसळून तसंच होतं. 'मुलाची परीक्षा झाल्यावर करा' हे कोण म्हणालं होतं, ते रात्री आठवत नाही.

बरं, आठवत नाही म्हणून मन शांत असतं का? तेही नाही. ऑफिसातून निघालं की दार बंद करता येतं. आपलं ऑफिस आणि घर एकच, त्यामुळे राहिलेले फोन भाजी चिरतानाही डोक्यात वाजत राहतात. ब्ल्यूमा झायगार्निक या संशोधिकेने १९२७ मध्ये मांडलं होतं, की अर्धवट राहिलेलं काम पूर्ण झालेल्या कामापेक्षा जास्त आठवतं. पुढे प्रयोग करणाऱ्या सगळ्यांनाच तसं आढळलं नाही. माझ्या उपयोगाचं निघालं ते २०११ सालचं काम, मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या दोन मानसशास्त्रज्ञांचं: अपुऱ्या कामाची टोचणी कमी व्हायला ते संपवावंच लागतं असं नाही, ते कधी आणि कसं करायचं याचा ठाम बेत आखला तरी पुरतं. मी ते वाचलं तेव्हा हसले. माझी झोप तारीख लिहायला लागल्यापासून सुधारली होती, ते सांगायला दोन विद्वान यावे लागले.

आता एका बाईंबद्दल. ६० गोळ्यांचा डबा माझ्याकडून घ्यायच्या. रोज दोन, म्हणजे ३० दिवस. पंचविसाव्या दिवशी फोन करायचा, इतका सरळ हिशेब, की लिहायची गरजच वाटली नाही. "पुढच्या महिन्यात करते फोन," असं मीच म्हणाले होते. चारेक महिन्यांनी कोणाच्या तरी बोलण्यात त्यांचं नाव निघालं आणि माझ्या पोटात गोळा आला. लगेच फोन लावला. त्या भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "डबा संपल्यावर मी पंधरा दिवस थांबले हो. मग म्हटलं, तुम्ही सोडलं असेल काम." तोवर त्या दुसरीकडून घ्यायला लागल्या होत्या.

थांबल्या होत्या! आपण इकडे 'फोन केला तर त्रास होईल का' म्हणून नखं खात बसतो आणि माणूस तिकडे रिकामा डबा घेऊन थांबलेलं असतं. तूही तेच म्हणालीस ना, की फोन करताना आपण लोकांच्या मागे लागलोय असं वाटतं? ठरलेल्या दिवशी आलेला फोन त्रासाचा नसतो. त्रासाचा असतो तो महिनाअखेरीला टार्गेट आठवलं म्हणून केलेला, आणि समोरच्याला ते 'हॅलो'मध्येच कळतं.

तेव्हा कोणी "बघते, कळवते" म्हटलं की "बरं" म्हणून ठेवून देऊ नकोस. विचार: "मग गुरुवारी करू की पुढच्या सोमवारी?" दिवस त्यांच्या तोंडून यायला हवा. दिवस आला की वेळही विचार, आणि कोणती वेळ नको तेही. फारच आढेवेढे घेतले तर सरळ म्हण, "नको असेल तर सांगा, मी फोन करणार नाही." निम्म्या जणी तिथे मोकळेपणाने 'नको' म्हणतात. ते 'नको' लिहून ठेव, ठळक, आणि ते नाव वेगळ्या पेटीत टाक. चार महिन्यांनी धंदा मंदावला म्हणून ती पेटी उघडायची नाही. मी एकदा उघडली होती. काय ऐकून घेतलं ते इथे लिहीत नाही.

रिंग गेली आणि उचलला नाही, तर तो फोन झाला असं धरू नकोस. त्यालाही नवी तारीख, आणि वेळ वेगळी. सकाळी उचलला नाही तर संध्याकाळी. तीनदा असं झालं की एक छोटा निरोप पाठवायचा आणि कार्ड पुढच्या महिन्यात ढकलायचं.

कार्ड म्हटलं, तर माझी पेटी सांगते. जुन्या कचेऱ्यांतली पद्धत आहे: महिन्यातल्या दिवसांचे ३१ कप्पे आणि वर्षाच्या महिन्यांचे १२, एकूण ४३. माझे कप्पे बुटांच्या खोक्यात पुठ्ठे उभे करून केलेले. एका माणसाचं एक कार्ड. वर नाव, नंबर, फोनला कोणती वेळ चालते. खाली प्रत्येक फोनची एक ओळ, जमेल तितकी त्यांच्याच शब्दांत. ज्या तारखेला फोन करायचा त्या कप्प्यात कार्ड उभं. सकाळी आजचा कप्पा रिकामा करायचा, समोर पत्ते मांडावेत तशी कार्डं मांडायची, आणि एकेक फोन झाला की नव्या तारखेच्या कप्प्यात. एक तारखेला त्या महिन्याच्या कप्प्यातली कार्डं दिवसांत वाटायची. बाकी डोक्यात काही ठेवायचं नाही. वही असली तरी तिला पानं तारखांची हवीत. नावांची नकोत, तिथे सगळ्यांची गफलत होते. 'क' अक्षराच्या पानावर तुला कमलताई सापडतील, पण आज कोणाला फोन करायचा ते त्या पानाला माहीत नसतं.

माझ्या भाचीने हे सगळं कॉम्प्युटरवर तक्त्यात केलंय, तारखेचा एक रकाना आणि त्याप्रमाणे लावलेली नावं. काम तेच होतं, मी नाही म्हणत नाही. पण अलार्म लावून मोकळं होऊ नकोस. अलार्म वाजतो तेव्हा आपले हात कणकेत असतात, आपण कोपराने तो बंद करतो आणि तो गेला तो गेलाच. कार्ड टेबलावर पडून तुझ्याकडे बघत राहतं. मला सगळे जुनाट म्हणतात. म्हणोत. एकदा माझी पेटी घर बदलताना भिजली आणि शंभरएक कार्डांची शाई पसरली, हेही मग सांगायला हवं; तीन आठवडे मी भिंगातून बघत अक्षरं लावत होते. त्यानंतर पेन्सिल धरली. कॉम्प्युटर नाही धरला. आणि एक, पेटी असो की तक्ता, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेस पडू देऊ नकोस. लोकांनी विश्वासाने सांगितलेल्या घरच्या गोष्टी असतात त्यात.

तुझ्या दोनशे नावांचं काय करायचं? तू म्हणशील, उद्यापासून झपाट्याने सगळ्यांना फोन करून टाकते. मुळीच नको. एका दिवशी पन्नास फोन केलेस तर महिन्याभराने ते पन्नासच्या पन्नास एकाच दिवशी अंगावर येतात, त्या दिवशी तू घाबरून एकही करत नाहीस, आणि पुन्हा चिठ्ठ्या सुरू. आधी फोनला हातच लावू नकोस. बैस आणि दोनशे नावांना तारखा दे. रोज दहा धरलीस तर वीस दिवस लागतील. लागू देत. ज्यांनी कधी काही मागितलं होतं ती पुढे घे, आणि ज्यांचं नावही ओळखता येत नाही ती पुसून टाक. 'त्या ताई, क्रीम' पुसायच्या.

आता माझ्या तत्त्वाची दुसरी बाजू. तुझी आई ती तुला सांगेलच, त्यापेक्षा मीच सांगते. माझ्या मुलीचं शाळेत नाटक होतं. मी एका बाईंना पाच वाजताचा शब्द दिला होता. पाचला मी सभागृहातून बाहेर आले, व्हरांड्यात उभं राहून बोलले, पुढची तारीख लिहिली आणि आत गेले तर तिचा प्रवेश होऊन गेलेला. ती कधी बोलली नाही. पण तिच्या लग्नात माझा फोन खुर्चीवर दिसला तेव्हा तो उचलून तिने गुपचूप स्वतःच्या पर्समध्ये टाकला, आणि मी काही न बोलता टाकू दिला.

त्यावरून घरात मला फोनवेडी म्हणतात. तत्त्व चुकलं असं मला अजूनही वाटत नाही. शब्द दिला होता तर पाचला फोन जायलाच हवा होता. चुकली होती ती तारीख. देताना मी घरचं कॅलेंडर बघितलं नाही, जीभ पुढे गेली. 'साडेसहाला करते' म्हटलं असतं तर त्या बाईंचं काय अडलं असतं? काही नाही. त्यांनी त्या दिवशी ऑर्डर दिली. काय दिली ते आठवत नाही. कार्ड काढलं तर सापडेल, पण ते मी काढलेलं नाही. घर त्याच पैशांवर चाललं होतं हेही खरं आहे, आणि तेवढ्याने माझं समाधान होत नाही हेही. तू तुझ्या पोराच्या वेळा आधी लिही, वेगळ्या रंगाने लिही, आणि मग उरलेल्यात लोकांना तारखा दे. पण दे. पोराचं कारण सांगून 'नंतर'वर येऊ नकोस, तीही पळवाटच.

तुझं एक कार्ड केलंय. नाव, नंबर, 'सकाळी नको, पोराची शाळेची घाई', आणि पहिल्या ओळीत 'दोनशे नावं, तारीख एकही नाही.' ते १४ तारखेच्या कप्प्यात आहे. दुपारी साडेतीनला फोन करते, तोवर निदान पन्नास नावांना तारखा झालेल्या असू देत. कोरी कार्डं माझ्याकडे ढीगभर पडली आहेत, ती घेऊन जा. कप्प्यापेक्षा बोटभर उंच कापली गेली आहेत. कात्री तुझी आण, माझी बोथट झाली आहे.

तुझी,
मावशी