हातोडा पडला, पण पान कोणाचं?

प्रश्न : मी मूळचा नाशिकचा, सहा वर्षांपासून तुलूझला विमान उद्योगात नोकरीला आहे. दहा दिवसांपूर्वी पॅरिसमधल्या एका लिलावात घरबसल्या ऑनलाइन बोली लावून 1960 च्या दशकातल्या एका बेल्जियन चित्रमालिकेचं शाईतलं मूळ पान 6,800 युरोला घेतलं. बिल मात्र 9,112 युरोचं आलं. आनंदाच्या भरात पानाचा फोटो सगळीकडे टाकला. चार दिवसांनी चित्रकाराच्या पुतण्याचा मेल आला : 'हे पान छापखान्यातून काकांकडे कधीच परत आलं नाही. ते चोरीचं आहे.' पैसे अजून भरलेले नाहीत. मित्र म्हणतो, चौदा दिवसांत व्यवहार रद्द करता येतो. करू का? पैसे भरले तर पान हातचं जाईल का? आमच्या मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर ते छापायचं ठरलं होतं, आणि पुढे कधीतरी नाशिकला न्यायचं आहे.

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. पैसे भरलेले नाहीत, म्हणजे पानही अजून लिलावगृहाच्याच कपाटात आहे. आज तुमच्या हातात जे मार्ग आहेत, ते पान घरी आल्यावर राहणार नाहीत. म्हणून पुढचं वाचण्याआधी एवढं करा : पान आणायला कोणालाही पाठवू नका.

मित्राचा सल्ला चुकीचा आहे, पण तो कुठून आला ते समजतं. दुरून केलेल्या खरेदीतून चौदा दिवसांत माघार घेण्याचा हक्क युरोपात ग्राहकाला आहेच. मात्र ज्या 2011 च्या युरोपीय निर्देशाने तो दिला, त्यानेच सार्वजनिक लिलाव त्यातून वगळले. ज्या लिलावाला बोली लावणारा स्वतः हजर राहू शकतो, तो सार्वजनिक. तुम्ही तुलूझला सोफ्यावर बसून बोली लावलीत हे खरं, पण पॅरिसच्या त्या हॉलचं दार त्या दुपारी तुम्हालाही उघडं होतं. कायद्याला तेवढं पुरतं. शिवाय हा हक्क व्यापाऱ्याकडून घेतलेल्या वस्तूपुरता असतो. अशा लिलावात विकणारा बहुधा खासगी माणूस असतो आणि लिलावगृह त्याच्या वतीने विकतं.

नुसतं गप्प बसून पैसे टाळलेत, तर फ्रेंच व्यापार संहितेचं कलम एल 321-14 लागू होतं. आधी पैसे भरण्याची नोटीस येते. मग विकणाऱ्याने मागितलं तर पान पुन्हा लिलावात चढतं, आणि दुसऱ्या वेळी कमी किंमत आली तर फरक तुमच्या माथी बसतो. फ्रेंच लोक याला पूर्वी 'फोल आंशेर' म्हणत, म्हणजे वेडी बोली. हल्ली कायद्याने सभ्य नाव दिलंय, बिल मात्र वेड्याच्याच नावाने येतं. विकणाऱ्याने तीन महिन्यांत मागणी केली नाही तर विक्री आपोआप रद्द होते, पण नुकसानभरपाईचा दावा शिल्लक राहतो. त्यातून पैसे न भरणाऱ्यांची टेमिस नावाची यादी आहे, ती अनेक लिलावगृहं बघतात. एकदा नाव चढलं की पुढची बोली लावणं अवघड.

बिलाचं लवकर आटपते. हातोड्याची किंमत 6,800. तुम्ही पाठवलेल्या बिलावर खरेदीदाराचं शुल्क कर धरून 30 टक्के आहे, म्हणजे 2,040. उरलेले 272 युरो ज्या ओळीत आहेत ती 'द्रुआ द स्वीत', पुनर्विक्रीत चित्रकाराचा किंवा वारसांचा हिस्सा. युरोपीय संघात 50,000 युरोपर्यंत तो साधारण 4 टक्के असतो, पुढे टप्प्याटप्प्याने उतरतो आणि 12,500 युरोंच्या वर कधीच जात नाही. खरं तर हा भार विकणाऱ्याचा. पण विक्रीच्या अटींत लिहून तो खरेदीदारावर टाकता येतो, असं फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केलं. तेव्हा बिल बरोबर आहे, चिडून उपयोग नाही. (आपल्याकडेही 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 53 अ आहे. चित्रकाराला पुनर्विक्रीत वाटा देण्याची सोय त्यात कधीपासून पडून आहे.) गंमत एवढीच की पुतण्या खरंच वारस असेल, तर ज्या पानाला तो चोरीचं म्हणतो त्याच्याच विक्रीतून त्याच्या घरी पैसे जाणार आहेत.

आता मुख्य मुद्दा. पैसे 'देणार नाही' आणि 'थांबवतो' यांत कायद्याच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. फ्रेंच नागरी संहितेचं कलम 1653 सांगतं की विकत घेतलेल्या वस्तूवर तिसरा कोणी मालकीचा दावा लावेल अशी वाजवी धास्ती खरेदीदाराला असेल, तर विकणारा ती अडचण दूर करेपर्यंत त्याला किंमत रोखून धरता येते. विकणाऱ्याने त्याबद्दल तारण दिलं, तर मात्र रोखता येत नाही. आणि दावा आला तरी पैसे भरीन असं खरेदीदाराने आधीच कबूल केलं असेल, तरीही नाही. ही कबुली बोलीची नोंदणी करताना 'मान्य आहे' वर टिचकी मारून आपण देऊन बसतो. म्हणून विक्रीच्या अटी आज काढून वाचा, मोबाइलवर नव्हे, छापून.

एका मेलने 'वाजवी धास्ती' होते का? पुतण्याने नुसता राग काढला असेल तर नाही. कोणतं पान, कोणतं वर्ष, कोणता छापखाना हे सांगितलं असेल तर होऊ शकते. त्याला सभ्य, दोन ओळींचं उत्तर पाठवा. वारस असल्याचा नोटरीचा दाखला मागा, पोलिसांत तक्रार झाली होती का ते विचारा, आणि त्यापलीकडे एक अक्षर लिहू नका. काका-पुतण्यांचे वाद मराठी माणसाला नवे नाहीत, पण इथे काकांची मुलं हयात असतील तर पुतण्याला या प्रकरणात बोलण्याचा अधिकारच नसेल. इंटरपोलची चोरीच्या कलावस्तूंची यादी आयडी-आर्ट नावाच्या ॲपवर कोणालाही फुकट बघता येते. ती बघा आणि पडद्याचा फोटो तारखेसह ठेवा.

पैसे भरले तर पान जाईल का, याचं उत्तर एका छोट्या फ्रेंच वाक्यात आहे. नागरी संहितेचं कलम 2276 म्हणतं की जंगम वस्तूच्या बाबतीत ताबा हीच मालकीची सनद. वस्तू हरवलेली किंवा चोरीची असेल तर मूळ मालकाला ती परत मागता येते, पण हरवल्यापासून किंवा चोरीपासून तीन वर्षांच्या आत. तेव्हासुद्धा, तुम्ही ती लिलावात घेतली असेल तर कलम 2277 प्रमाणे तुम्ही दिलेली किंमत त्याने आधी तुम्हाला मोजायची. 1960 च्या दशकात गहाळ झालेल्या पानाची तीन वर्षं कधीच उलटली. छापखाना बेल्जियममधला असला तरी पान पॅरिसमध्ये विकलं गेलं आणि तिथेच आहे, म्हणून फ्रेंच कायदाच बघायचा.

मग एवढी काळजी कशाला? कारण हे संरक्षण सद्भावनेने ताबा घेणाऱ्याला आहे, आणि सद्भावना मोजतात ती ताबा घेतला त्या क्षणाची. बोली लावली त्या दिवसाची नव्हे. बोली लावताना तुम्हाला काही ठाऊक नव्हतं. ताबा घ्याल तेव्हा मात्र तो मेल तुमच्या इनबॉक्समध्ये असेल. काहीही न विचारता पान उचललंत, तर उद्या कोणी म्हणेल की यांना माहीत होतं. सद्भावना गेली की तीन वर्षांची भिंतही गेली. शिवाय चोरीचा माल जाणूनबुजून बाळगणं हा फ्रान्समध्ये वेगळा फौजदारी गुन्हा आहे : पाच वर्षांपर्यंत कैद आणि 3,75,000 युरोंपर्यंत दंड. तो चालू राहणारा गुन्हा मानतात, म्हणजे वस्तू तुमच्याकडे आहे तोवर त्याची मुदत सुरूच होत नाही. तुमच्यावर कोणी असा खटला भरेल असं मला मुळीच वाटत नाही. एका अनोळखी मेलने माणूस 'जाणूनबुजून' ठरत नाही. विचारपूस केली नाही, तर मात्र शंकेला जागा उरते.

पान छापखान्यात राहिलं म्हणजे ते चोरीचंच, असंही नाही. या धंद्यातली जुनी गोष्ट सांगते. ब्रसेल्सचं 'टिनटिन' किंवा मार्सिनेलचं 'स्पिरू' या बेल्जियन चित्रकथा-साप्ताहिकांच्या काळात मूळ पान म्हणजे छपाईचा कच्चा माल होता. कॅमेऱ्याखाली गेलं की त्याचं काम संपलं. कुठे ड्रॉवरमध्ये पडलं, कोणाला भेट गेलं, कुठे रद्दीत गेलं. 'द ब्लू लोटस' या टिनटिनच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी टिनटिनचा चित्रकार एर्जे याने 1936 मध्ये केलेलं चित्र छपाईला फार महाग पडेल म्हणून वापरलंच गेलं नाही. विकणाऱ्या कुटुंबाच्या सांगण्याप्रमाणे एर्जेने ते प्रकाशकाच्या लहानग्या मुलाला दिलं आणि घडी घालून ते वर्षानुवर्षं ड्रॉवरमध्ये राहिलं. घड्यांच्या खुणांसकट ते जानेवारी 2021 मध्ये पॅरिसला शुल्कासह सुमारे 31 लाख 75 हजार युरोंना विकलं गेलं. भेटीची चिठ्ठी त्या काळी कोण लिहून ठेवणार? आणि वाद उभा राहतो तो नेमका त्या चिठ्ठीवरून. डिसेंबर 2023 मध्ये ब्रसेल्सला ॲस्टेरिक्स या फ्रेंच चित्रमालिकेच्या एका जुन्या मुखपृष्ठाचं मूळ चित्र लिलावात येणार होतं. चित्रकार आल्बेर युदेर्झोच्या मुलीने कायदेशीर हरकत घेतली आणि चित्र लिलावातून काढून घेतलं गेलं.

फ्रेंच कायदा इथे चित्रकाराच्या बाजूने झुकलेला आहे. बौद्धिक संपदा संहितेचं कलम एल 132-9 म्हणतं की वेगळा करार नसेल तर छपाईसाठी दिलेली मूळ वस्तू लेखकाचीच राहते, आणि छपाई पुरी झाल्यावर एक वर्षभर तिची जबाबदारी प्रकाशकावर असते. म्हणजे पुतण्याच्या म्हणण्याचा पहिला भाग खरा असू शकतो. पण चित्रकाराने स्वतःहून दिलेलं पान छापखान्याने परत केलं नाही आणि पुढे विकलं, तर फ्रेंच न्यायालयं त्याला चोरी नव्हे, विश्वासभंग मानतात. तसं असेल तर सद्भावनेने घेणाऱ्याकडून ते परत मागता येत नाही, तीन वर्षांच्या आतही नाही. रात्री कुलूप तोडून नेलं असतं तर गोष्ट वेगळी. 'परत आलं नाही' आणि 'चोरलं' हे दोन शब्द पुतण्याने एका दमात वापरलेत. त्यांतला कोणता खरा, हे त्याला सिद्ध करू द्या.

आता पत्र. लिलावगृहाला आपल्या रजिस्टर एडीसारखं पोच-पावतीचं पत्र पाठवा, सोबत मेल. पुतण्याचा मेल जसाच्या तसा जोडा. त्यांना कायद्याने विक्रेत्यांची नोंदवही ठेवावी लागते. विकणाऱ्याचं नाव ते सांगणार नाहीत, पण पान त्याच्याकडे केव्हा आणि कसं आलं हे लेखी मागा. पानाच्या मागच्या बाजूचेही फोटो मागा : तिथले शिक्के, पेन्सिलीतली टिपणं, कोणाला अर्पण केल्याच्या ओळी. अर्पणाच्या दोन शब्दांनी अख्खा खटला टळलेला मी पाहिला आहे. शेवटी कलम 1653 चा उल्लेख करून लिहा की मी खरेदी नाकारत नाही, खुलासा होईपर्यंत किंमत थांबवतो, आणि हवी असेल तर ती माझ्या वकिलाच्या कार्पा खात्यात जमा करायला तयार आहे. अशिलांचे पैसे सांभाळण्यासाठी वकील संघटनेने ठेवलेलं ते खातं आहे, त्यामुळे तुमची दानत दिसते आणि पैसेही अडकतात ते सुरक्षित जागी. हे याच आठवड्यात करा. लिलावगृहाला मिळालेली किंमत विक्रीपासून दोन महिन्यांच्या आत विकणाऱ्याला द्यावी लागते. एकदा ती गेली की मागे लागायला उरतो तो एक अनोळखी माणूस.

कॅटलॉगमध्ये नाव कसं छापलंय तेही बघून ठेवा. 1981 च्या फ्रेंच हुकुमाप्रमाणे चित्रकाराचं नाव नुसतं छापलं असेल तर चित्र त्याचंच असल्याची ती हमी असते. नावाआधी 'आतलिए द' असेल, तर त्याच्या स्टुडिओत किंवा त्याच्या देखरेखीखाली झालेलं, एवढंच. बेल्जियन स्टुडिओंमध्ये पार्श्वभूमी आणि गाड्या-विमानं मदतनीस काढत, त्यामुळे या दोन शब्दांवर किमती दुप्पट-निमपट होतात.

स्मरणिकेचं उत्तर सरळ आहे : नाही. तुम्ही कागद विकत घेतलात, छापण्याचा हक्क नाही. चित्रकाराच्या मृत्यूनंतर 70 वर्षं तो हक्क वारसांकडे किंवा प्रकाशकाकडे असतो, आणि नेमका कोणाकडे हेही सांगणं कधीकधी कठीण. टिनटिनच्या बाबतीत हेगच्या न्यायालयाने 2015 मध्ये 1942 चा एक कागद बघून ठरवलं होतं की हक्क वारसांच्या कंपनीकडे नसून प्रकाशकाकडे आहेत. अंक नाशिकला छापून आणला तरी सुटका नाही. भारतीय कायदाही परदेशी चित्रकाराला संरक्षण देतो. गणपतीचं मुखपृष्ठ मंडळातल्याच कोणा चित्रकाराकडून करून घ्या. सगळीकडे टाकलेला फोटो आजच काढा. तोही एका अर्थाने प्रसिद्ध करणंच आहे, आणि पुतण्याला तुमचा पत्ता त्यानेच दिला.

नाशिकला नेणं त्या मानाने सोपं. 50 वर्षांहून जुनं रेखाचित्र युरोपीय संघाबाहेर न्यायला 15,000 युरोंच्या वर किंमत असेल तर निर्यात परवाना लागतो. तुमचं पान वयाने त्यात बसतं, किमतीने नाही. मूळ बिल आणि कॅटलॉगचं पान जवळ ठेवा, मुंबईच्या कस्टम्समध्ये दोन्ही विचारतील.

विक्रीच्या अटींचं ते छापलेलं पान मला पाठवा. 'दावा आला तरी किंमत देय राहील' अशा अर्थाची ओळ त्यात असेल तर 1653 चा आधार जातो. तसं असेल तर लिलावगृहाला लिहायचं पत्र आधी मला दाखवा, मगच पोस्टात टाका.