बौद्ध साधनेवर पक्की श्रद्धा कशी बसते?

रोज त्रिशरण-पंचशील (बुद्ध, धम्म, संघ यांना शरण जाणं आणि पाच नियम) म्हणता, वंदना करता, तरी आतून खात्री वाटत नाही, असं तुम्ही विचारलंय. यावर आपल्याकडे एक ठरलेलं उत्तर मिळतं: "बौद्धांना श्रद्धा लागतच नाही, कालाम सुत्त वाचा." मला या उत्तराचा राग येतो, कारण देणाऱ्याने हे सुत्त, म्हणजे बुद्धांचा उपदेश, अर्धंच वाचलेलं असतं. केसपुत्त गावच्या कालाम लोकांना बुद्धांनी दहा गोष्टी सांगितल्या, ज्यांच्या भरवशावर काही स्वीकारायचं नाही. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथ, 'हे आमचे गुरू' एवढं सगळ्यांना पाठ असतं. पण त्याच यादीत तर्क आहे, आणि आपल्या मताशी जुळतं म्हणून मान्य करणंही आहे. म्हणजे नुसतं 'बुद्धीला पटलं' एवढ्याने भागत नाही. पुढे बुद्ध लोभ, द्वेष, मोह एकेक घेऊन विचारतात, हा मनात उठला की माणसाचं हित होतं की अहित? हे स्वतःवरच बघावं लागतं.

तर बघायचं कसं? पाचही शीलं पाळा, पण महिनाभर बारीक लक्ष एकावरच ठेवा. मी चौथं सांगेन, मुसावादा वेरमणी, म्हणजे खोटं न बोलणं, कारण त्याची परीक्षा दिवसभर चालू असते. फोनवर "निघालोय, पाच मिनिटांत पोचतो" म्हणताना पाय अजून चपलेत गेलेले नसतात. तिथे थांबा. बोलायच्या आधी श्वास किंचित अडकतो, छातीत घाई होते, ती पकडा. रात्री वहीत दोनच ओळी लिहा: कुठे खोटं बोललो, नंतर मन कसं होतं. जिथे टाळलं तेही लिहा. महिन्याने वही उघडून पहिल्यापासून वाचा.

सकाळी २० मिनिटं आनापान, म्हणजे येत्या-जात्या श्वासावर लक्ष. श्वास मोजत असाल तर विशुद्धिमग्ग या साधनेवरच्या जुन्या पाली ग्रंथातला नियम पाळा: पाचाच्या आत थांबू नका, दहाच्या पुढे जाऊ नका. पाचाच्या आत मन अपुऱ्या गोठ्यातल्या गुरांसारखं धडपडतं, दहापुढे ते श्वास सोडून आकडाच धरून बसतं. श्वास मुद्दाम लांबवू नका. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरानंतर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसायला सांगतात. आठवडाभर जमतं, मग एक दिवस चुकतो, आणि माणूस 'माझी श्रद्धाच कमी' म्हणत सगळंच सोडतो. असं होत असेल तर २० मिनिटांवर या, पण वेळ आणि जागा रोज तीच ठेवा.

'शील, ध्यान हे बाबासाहेबांच्या वाटेवरचं नाही' म्हणणाऱ्यांनी त्यांच्या १४ ऑक्टोबर १९५६ च्या धम्मदीक्षेतल्या २२ प्रतिज्ञा पुन्हा वाचाव्यात. अकरावी अष्टांगमार्गाची, बारावी दहा पारमितांची (पूर्णत्वाला न्यायच्या गुणांची), चौदा ते सतरा चोरी, खोटं, व्यभिचार, दारू यांच्या. आणि विसावीत आहे ती 'खात्री पटल्या'ची भाषा. ही खात्री कशी असते ते एका सुत्तात दिसतं. पुब्बकोट्ठक या ठिकाणी बुद्धांनी आपला शिष्य सारिपुत्त याला विचारलं, श्रद्धा वगैरे इंद्रियं (मनाच्या पाच शक्ती) वाढवली की अमृतापर्यंत, म्हणजे निर्वाणापर्यंत, नेतात यावर तुझी श्रद्धा आहे का? सारिपुत्त म्हणाला, यात मी भगवंतांवरच्या श्रद्धेने चालत नाही, मी स्वतः पाहिलंय. बुद्धांनी 'साधु, साधु' म्हणून त्याला दाद दिली.

एक राहिलं. प्रश्न पडणं म्हणजे विचिकिच्छा (साधनेला अडवणारी शंका) नव्हे. प्रश्नामुळे माणूस सुत्त उघडतो, विचिकिच्छेमुळे आसनावर बसायचंच टाळतो. आणि झोप उडाली असेल, मन फार खचलं असेल, तर लांब बैठका करू नका, आधी डॉक्टरांना भेटा.