बीटिंग रिट्रीटला, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या समारोपाच्या लष्करी बँड सोहळ्यात, वाजायची ती ‘अबाइड विथ मी’ ही धून मूळची कुणाची?

शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातल्या ब्रिक्सहॅम या मासेमारीच्या गावात ते पाद्री होते. क्षयाने खंगलेल्या लाइटनी 1847 मध्ये, शेवटच्या आजारपणात हे स्तोत्र पूर्ण केलं असं सहसा मानतात. हवापालटासाठी निघाले आणि त्याच नोव्हेंबरात नीस इथे वारले. दिवस मावळतोय, अंधार दाटतोय, देवा तू सोबत राहा, एवढंच मागणं.

आपण ऐकतो ती चाल मात्र लाइटनी कधी ऐकलीच नाही! ती विल्यम हेन्री मंक यांनी 1861 च्या एका स्तोत्रसंग्रहासाठी बांधली. माझ्या मते गाणं टिकलं ते या चालीमुळे. इतकी संथ, की लष्करी बँडवरही प्रार्थनाच वाटते.

इंग्लंडमध्ये 1927 पासून एफए कपच्या अंतिम सामन्याआधी हजारो प्रेक्षक ते गातात. (फुटबॉलच्या मैदानात मरणाचं स्तोत्र, इंग्रजांनाच सुचावं.)

आपल्याकडे ते आलं गांधीजींच्या आवडीमुळे. 29 जानेवारीच्या सोहळ्यात ते अनेक वर्षं वाजलं. 2022 मध्ये वगळलं आणि ‘ऐ मेरे वतन के लोगो’ घेतलं.