शेवटचे ९ यार्ड

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी रात्री शाळेची अमेरिकन फुटबॉलची मॅच संपल्यावर, चेंडू घेऊन तू जे २१२ यार्ड धावलास, त्यांच्याबद्दलच सगळे बोलत होते. मी तुझ्या घोट्यावर बर्फ धरून बसलो होतो, तेव्हा काही बोललो नाही. समोर बसून सांगायला गेलो की तू "हो काका, हो काका" म्हणत निघून जातोस, म्हणून लिहितोय. मराठी अडली तर आईकडून वाचून घे. तिच्याही कानावर हे जायला हवं.

आपण २४ गुणांनी पुढे होतो. शेवटची सहा मिनिटं उरली होती आणि तुला बाहेर बसवलं होतं. शाळेचा विक्रम ९ यार्डांवर आलाय हे कुणीतरी तुला सांगितलं आणि तू कोचांच्या मागे लागून पुन्हा आत गेलास. पुढच्याच धावेत विक्रम झाला. त्याच धावेत दोघं जण तुझ्यावर पडले आणि डावा पाय त्यांच्याखाली मुडपला. एक्स-रे साफ आला म्हणून आज मी शांतपणे लिहू शकतोय. बावीस वर्षं टेक्ससमधल्या शाळांत पोरांचे घोटे बांधतोय, प्रत्येक वेळी तो साफ येत नाही.

२०२४ च्या मोसमात ईगल्स संघाच्या साक्वॉन बार्कलीच्या नावावर, तुझ्यासारखेच चेंडू घेऊन धावून केलेले, २,००५ यार्ड होते. एनएफएलचा, म्हणजे इथल्या मोठ्या व्यावसायिक लीगचा, एका मोसमातला विक्रम एरिक डिकरसनचा, २,१०५ यार्ड, १९८४ पासून तसाच उभा आहे. एक मॅच शिल्लक होती, समोर बार्कलीचा जुना संघ जायंट्स, आणि हवे होते १०१ यार्ड. पण ईगल्सची प्लेऑफमधली, म्हणजे बाद फेरीतली, जागा ठरून गेली होती, म्हणून त्याला त्या मॅचला बसवलं. चाळीस वर्षांचा विक्रम हाताशी असताना तो बाहेर राहिला. ९ फेब्रुवारी २०२५ ला, स्वतःच्या अठ्ठाविसाव्या वाढदिवशी, तो सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. हा तोच गडी, ज्याचा गुडघा २०२० मध्ये मोसमाच्या दुसऱ्याच मॅचमध्ये गेला होता.

तुझ्या जागेचं, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्या रनिंग बॅकचं, गणित बाकीच्यांसारखं नाही रे. हायस्कूल सुटून तीन वर्षं झाल्याशिवाय एनएफएल घेत नाही, म्हणजे तीन वर्षं कॉलेजात धडका खायच्याच. मग निवड झालीच तर पहिला करार चार वर्षांचा. तो संपेस्तोवर बहुतेकांची शरीरं कुरकुरायला लागलेली असतात आणि तेच काम करायला संघाला बावीस वर्षांचा ताजा पोरगा कमी पैशांत मिळतो. २०२३ मध्ये बार्कली, जॉश जेकब्स आणि टोनी पोलार्ड या तिघांच्याही संघांनी लांबचा करार करायच्या ऐवजी एका वर्षापुरतं अडकवून ठेवणारा टॅग लावला. एवढी नावाजलेली पोरं! चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला पस्तिशीतही मागणी असते. रनिंग बॅकला तिशीत म्हातारा म्हणतात.

टेरेल डेव्हिस या रनिंग बॅकचं नाव तू ऐकलं असशील. १९९५ मध्ये एनएफएलच्या निवडीत सहाव्या फेरीत, १९६ वा निवडला गेला. संघात टिकेल की नाही याचीच शंका होती. टोकियोतल्या एका सराव मॅचमध्ये त्याने किकऑफवर, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून खेळ सुरू होतो तेव्हा, समोरच्याला असं काही पाडलं की प्रशिक्षकांची नजर त्याच्यावर बसली. म्हणजे त्याची जागा पक्की केली ती चेंडू हातात नसताना केलेल्या कामाने. १९९८ मध्ये चेंडू घेऊन ३९२ वेळा धावला, २,००८ यार्ड. आणि १९९९ च्या चौथ्या मॅचमध्ये, चेंडू प्रतिस्पर्ध्याने पळवला म्हणून त्याला अडवायला धावताना, गुडघा फाटला. सगळी कारकीर्द ७८ मॅचची. हॉल ऑफ फेममध्ये तो गेला, २०१७ मध्ये, पण तिथे बसून धावता येत नाही.

फ्रँक गोरचं उलटं. कॉलेजातच दोन्ही गुडघे फाटले. २००५ मध्ये तिसऱ्या फेरीपर्यंत वाट बघावी लागली. तो १६ वर्षं खेळला आणि बरोबर १६,००० यार्ड करून थांबला. नशीब होतंच, पण गोर ब्लॉकिंग करायचा, समोरून येणाऱ्याला अडवायचा. मनापासून करायचा. अशा माणसाला कुठलाही संघ सहज सोडत नाही.

म्हणून मला तुझ्या ७० यार्डांच्या टचडाउनपेक्षा तिसऱ्या क्वार्टरमधला तो थर्ड डाउन (तिसरा प्रयत्न) जास्त आठवतोय. त्यांचा लाइनबॅकर, बचावातला गडी, मधल्या फटीतून सुसाट आला. (आईसाठी: अशा वेळी क्वार्टरबॅकच्या अंगावर येणाऱ्याला अडवणं हे तुझ्या लेकाचं काम असतं.) तू मान खाली घालून खांदा फेकलास, तो अर्ध्या पावलात बगल देऊन गेला आणि आपल्या क्वार्टरबॅकच्या बरगड्यांत शिरला. मी त्यालाही बर्फ लावला त्या रात्री.

गावाकडे मी कबड्डीत कोपऱ्यावर खेळायचो. चढाईला आलेल्याच्या हातांकडे बघितलं की फसलोच. हात हूल देतात, डोळे देतात, खांदेही देतात. कंबर देत नाही. तू दुसऱ्याला हुलकावणी देण्यात पटाईत आहेस, मग तुला ती दिलेली ओळखता यायला हवी. कमरेवर नजर ठेव, गुडघे वाकव, पाय छोटे छोटे टाक, मान वर, आणि हात त्याच्या छातीवर आतल्या बाजूने. मान खाली घालून धडकलास तर लाइनबॅकर तर सुटेलच, तुझी मानही जाईल. आठवड्यातून दोन दिवस सरावानंतर वीस मिनिटं एवढंच कर. मी थांबेन तुझ्यासोबत.

चेंडू तू छान धरतोस, टोकावर बोटं, कोपर अंगाला घट्ट. गर्दीत शिरताना दुसराही हात वर आण, बाकी त्यात मला काही शिकवायचं नाही.

डोक्याचं मात्र ऐक. डोळ्यांपुढे काजवे चमकले, कान वाजले, प्ले विसरलास, तर लगेच मला सांगायचं. मी तुला बाहेर काढेन आणि त्या रात्री परत सोडणार नाही, तू कितीही रडलास तरी. गेल्या वर्षी एका पोराने माझ्यापासून तीन दिवस लपवलं होतं. वर्गात फळा दिसेना तेव्हा त्याच्या बाईंनी मला फोन केला. तसा फोन मला तुझ्यासाठी नको.

कॉलेजवाले आता तुला त्यांच्या संघात घ्यायला घरी येतील. गोड बोलतील. शिष्यवृत्ती चारही वर्षांची आहे की दरवर्षी नव्याने ठरते, जायबंदी झालास तर तिचं काय होतं, हे आईला विचारू दे, आणि लेखी मागू दे. तू त्यांना विचार की पहिल्या वर्षाच्या मुलाला ते एका मॅचमध्ये किती वेळा धावायला लावतात. आणि अभ्यासक्रम तुला आवडणारा घे, वेळापत्रकात बसतो म्हणून कुठलाही नको. इंजिनं खोलून बघायला तुला लहानपणापासून आवडतं, मी पाहिलंय.

सोमवारी पावणेसातला ट्रेनिंग रूमवर ये. जिन्याने येऊ नकोस, मागच्या उताराने ये. सूज उतरली नसेल तर या शुक्रवारी तू बाकावर, आणि कोचांशी मी आधीच बोललोय.

तुझा,
काका