इलेक्टिव्ह चुकलं तर पुढचं सगळं चुकेल का?

"मॅडम, वर्गात सगळ्यांनी जीआयएस घेतलंय, मी नाही घेतलं तर मागे पडेन का?" पावसाळा सुरू झाला की पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करणारी पोरं हाच प्रश्न घेऊन येतात, इलेक्टिव्ह म्हणजे आपण निवडायचा विषय, त्याचं नाव तेवढं वेगळं असतं. एका पोरीची गोष्ट सांगते, तिला विचारूनच लिहितेय.

चोपडा तालुक्यातली, सातपुड्याच्या पायथ्याला गाव, घरची केळी. पहिलं वर्ष झालेलं, तिसऱ्या सेमिस्टरचा फॉर्म दोन दिवसांत भरायचा होता आणि रात्र रात्र झोप नाही. सोबत आप्पा आलेले, त्यांनी खुर्चीत बसायच्या आधीच विचारलं, "मॅडम, पोरले नोकरी भेटी ना?" ती मान खाली घालून बसलेली, हातात मोबाईल घट्ट, त्यात कोणी काय घेतलं त्याचे स्क्रीनशॉट. चार पर्याय होते: रिमोट सेन्सिंग-जीआयएस म्हणजे उपग्रहाची चित्रं आणि संगणकावरचे नकाशे, भूजल, घनकचरा व्यवस्थापन आणि ईआयए म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास. त्यात परदेशात शिकणाऱ्या मावसभावाने विचारलेलं, "तू मायनर कशात करतेस?" आणि हिला वाटलं आपलं तेही राहून गेलं.

मायनर म्हणजे मुख्य विषयासोबतचा दुय्यम विषय, त्याचं आधी मोकळं केलं. आपल्याकडे नवीन धोरणात मायनर पदवीला असतं, एम.एस्सी.ला मेजर, इलेक्टिव्ह, रिसर्च मेथडॉलॉजी, ओजेटी (प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण) आणि प्रोजेक्ट, बस. परदेशात काही विद्यापीठांत मास्टर्सलाही मायनर असतं, म्हणून त्याने विचारलं. तुझं काही राहिलेलं नाही.

मग हिशोब मांडला. सेमिस्टरला २२ क्रेडिट, त्यात इलेक्टिव्हचे ४. दोन वर्षांचे ८८, त्यात इलेक्टिव्हचे १६. आणि प्रोजेक्टचे एकट्याचे १०, तिसऱ्या सेमिस्टरला ४ आणि चौथ्याला ६. नेटची, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षेची भीती होती तर ती पण काढली, यूजीसी नेटच्या पर्यावरणशास्त्राच्या पेपरला १० युनिट आहेत, रसायनापासून कायदे, सांख्यिकीपर्यंत सगळं येतं, तू इलेक्टिव्ह कुठलं घेतलं ते तिथे कोणी विचारत नाही. हे ऐकून ती जरा सरळ बसली पण निर्णय काही होईना, कारण आकड्यांनी भीती कमी होते, आवड कळत नाही.

अशा वेळी मी एकच करायला सांगते, सिलॅबस उघड आणि विषयाचं नाव झाकून फक्त प्रॅक्टिकलची यादी वाच. नावं सगळीच भारी असतात हो, पण सहा महिने हाताने काय करायचं ते प्रॅक्टिकलमध्ये लिहिलेलं असतं. तिने जीआयएसची यादी वाचली, नकाशा जिओरेफरन्स करणे, डिजिटायझेशन, सॅटेलाइट इमेजचं वर्गीकरण, वाचून झाल्यावर म्हणाली "हं". मग भूजलाची वाचायला लागली आणि पाण्याच्या नमुन्यांपाशी आली तशी थांबली, म्हणाली "मॅडम हे मी केलंय!" ओजेटी तिने पाणी तपासायच्या लॅबमध्ये केलेली. घरच्या ट्यूबवेलचं पाणी बाटलीत भरून नेलं, हार्डनेस म्हणजे पाण्याचा जडपणा काढायला ईडीटीए हे रसायन टाकत होती, चंचुपात्रातला रंग वाइनसारखा लाल, टाकतेय टाकतेय काही होत नाही, आणि मग एका थेंबाला सगळं निळं. हे सांगताना हाताने ब्युरेटची तोटी फिरवून दाखवत होती, मोबाईल कधीच टेबलावर ठेवला होता. म्हणाली, "पिण्याच्या पाण्याला हार्डनेस लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत बरा मानतात, आमचा त्याच्या वर गेला, तर मी आईला दाखवलं की चहाच्या भांड्यावर पांढरं का बसतं!"

मग आप्पाच बोलायला लागले. मोटार दरवर्षी खाली सोडावी लागते, पाइप जोडून जोडून कंटाळलो. मी तिला विचारलं, हे पाणी खाली का जातं ते तुला आप्पांना समजावता येईल का? ती म्हणाली थोडं येतं. सातपुड्यातून नद्यांनी आणून टाकलेले गोटे, वाळू, माती म्हणजे बझाडा, त्यात पाणी भराभर मुरतं, पण मुरतं त्यापेक्षा जास्त आपण केळीसाठी उपसतो. आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटतं पोरगी काय शिकते ते त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

नोकरीचं आप्पांना खरं तेच सांगितलं. भूजल यंत्रणेतल्या भूवैज्ञानिकाच्या जागेला सहसा भूशास्त्राची पदवी मागतात, एका इलेक्टिव्हने ती मिळत नाही, जाहिरात नीट वाचायची. पण पाणी तपासणाऱ्या लॅब, कारखान्यांचे ईटीपी म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचे प्लांट, ईआयए करणाऱ्या कन्सल्टन्सी इथे ज्याला नमुना नीट घेता येतो आणि रिपोर्ट लिहिता येतो त्याला विचारतात. जीआयएस लागतंच, ते नाकारून चालणार नाही, पण क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि डेहराडूनच्या आयआयआरएस या रिमोट सेन्सिंगच्या संस्थेचे ऑनलाइन कोर्सही फुकट असतात. भूजल मात्र घरी बसून येत नाही, त्याला सर पाहिजेत, लॅब पाहिजे, विहीर पाहिजे. आणि डिपार्टमेंटला आधी फोन कर, पुरेशी पोरं नसली तर इलेक्टिव्ह बऱ्याच ठिकाणी सुरूच होत नाही.

तिने भूजल घेतलं. मैत्रिणी जीआयएसला गेल्या म्हणून पहिले पंधरा दिवस रडली पण, दोनदा फोन आला, मी फक्त ऐकून घेतलं. प्रोजेक्ट तिने आपल्याच शिवारातल्या विहिरींचा घेतला, पावसाळ्यानंतर एकदा मोजायचं आणि मे महिन्यात एकदा, आणि मग क्यूजीआयएसवर नकाशा.

साक्रीकडच्या एका पोराला मी असंच त्याच्या जंगलाकडे वळवलं होतं, तिकडच्याच बारीपाडा गावात जंगल राखणाऱ्या चैत्राम पवारांना २०२५ ला पद्मश्री मिळाली तेव्हा त्याचा पहिला मेसेज मला आला.

दिवाळीनंतर चोपड्याला गेले होते तेव्हा तिच्या शेतात थांबले. जुन्या विहिरीच्या काठावर ती टेप सोडत होती, टोकाला पाणी लागलं की बीप वाजतो. आप्पा वही घेऊन उभे, चष्मा कपाळावर. बीप वाजला, तिने आकडा सांगितला, आप्पांनी लिहिला, परत एकदा वाचून दाखवला आणि तिला म्हणाले, "उन्हायामा परत मोजशी ना, बेटा?"