विहिरीत टीसीएल किती आणि कशी?

प्रश्न : परसातल्या विहिरीत पावसाळाभर मूठ-मूठ टीसीएल (ब्लीचिंग) पावडर भुरभुरतो. तरी घरात जुलाब होतातच. पावडर कमी पडते का? – एक वाचक, सिंधुदुर्ग

उत्तर : मुठीवरून ते कळायचं नाही, आधी पाणी मोजा. दोरीला दगड बांधून तळापर्यंत सोडा. दोरी जेवढी भिजली तेवढी पाण्याची खोली. व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये, म्हणजे घनमीटर. एका घनमीटरात १,००० लिटर. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर असेल तर साधारण २८,००० लिटर झालं. १,००० लिटरला ५ ग्रॅम धरून १४० ग्रॅम पावडर लागेल.

पण खरी चूक भुरभुरण्यात आहे. कोरडी पावडर नीट मिसळत नाही. प्लॅस्टिकच्या दोन बादल्यांत ७०-७० ग्रॅम घ्या, थोड्या पाण्यात गुठळ्या मोडून लापशीसारखी कालवा, मग बादली पाऊण भरून ढवळा. दहा मिनिटांत चुना खाली बसतो. वरची निवळी तेवढी वेगळ्या रिकाम्या बादलीत ओता. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं, डाळ शिजत नाही. निवळीची बादली दोरीने पाण्याखाली सोडून वर-खाली, आडवीतिडवी हिसडा. त्यानंतर निदान तासभर पोहरा टाकायचा नाही. म्हणून हे काम रात्री, उपसा संपल्यावर करावं.

एवढं करूनही ओटी चाचणीत (पाण्यात क्लोरीन उरलाय का हे थेंब टाकून पाहण्याची चाचणी) पाणी पिवळं झालं नाही, तर पावडर शिळी असेल. ताज्या टीसीएलमध्ये सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो. पिशवी उघडी, दमट जागी राहिली की तो उडून जातो. पाणी गढूळ असेल तरी क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. आणि कठड्याच्या भेगांतून अंगणातलं पाणी आत झिरपत असेल, तर आधी त्या भेगा बुजवा.

प्रश्न : बोअरचं पाणी खारट आहे. उकळल्यावर क्षार जातील का?

उत्तर : नाही. भांड्याला पांढरा थर बसतो, तेवढाच जडपणा कमी होतो. मीठ, फ्लोराईड, नायट्रेट पाण्यातच राहतात. पाणी आटतं तसं त्यांचं प्रमाण उलट थोडं वाढतं. खळखळून उकळी फुटल्यावर मिनिटभर ठेवलं की जंतू मरतात, क्षार मरत नाहीत. प्रयोगशाळेत तपासून घेईपर्यंत पिण्यासाठी दुसरं पाणी वापरा.